चक्ती थांबू द्या

भिंगारच्या बाजारात माझ्या शेजारी भानुदास मिस्त्रीचं फॅब्रिकेशनचं दुकान आहे. एकदा भर दुपारी मी माझ्या दारात बसलो असताना एक अनोळखी माणूस आला, मिस्त्रीच्या दुकानासमोरची सायकल त्याने स्टँडवरून काढली आणि आरामात टांग मारली. सायकल मिस्त्रीची. मी धावत आत गेलो. मिस्त्रीने नुकताच एक पाइप कापून ग्राइंडरचं बटण बंद केलं होतं. मी ओरडलो, "मिस्त्री! अहो मिस्त्री!"

त्याने वर पाहिलंसुद्धा नाही. दोन्ही हात मशीनवर, नजर पाइप कापणाऱ्या गोल चक्तीवर. फक्त म्हणाला, "दम धरा. चक्ती फिरतीय."

चक्ती फिरत राहिली. बटण बंद केलं तरी ती काही लगेच थांबत नाही, आपल्याच तोऱ्यात गरगरत राहते. शेवटी एकदाची थांबली. मग मिस्त्रीने प्लग काढला, मशीन खुंटीला टांगलं, गॉगल कपाळावर चढवला आणि म्हणाला, "हां, बोला रशीदशेट."

"काही नाही," मी म्हणालो. "तुमची सायकल गेली."

त्याने बाहेर डोकावून बघितलं. चोर तोवर वळणापलीकडे गेला होता. मिस्त्री शांतपणे म्हणाला, "सायकल दुसरी मिळंल. बोट दुसरं मिळत न्हाई."

सायकल त्याची गेली आणि डोकं माझं फिरलं. तेव्हापासून बाजारात कुणी घाई करायला लागलं की लोक एकमेकांना म्हणतात, "दम धरा, चक्ती फिरतीय." लोकांना गंमत वाटते. लोकांचं काय जातंय? त्यांना त्याच्या शेजारी दुकान थाटून बसायचं नाही.

माझं दुकान गाद्यांचं. आम्ही पिढीजात पिंजारी. वडील खांद्यावर कमान घेऊन कँटोन्मेंटच्या बंगल्याबंगल्यातून कापूस पिंजत फिरायचे. मी मशीन घेतलं, दुकान घेतलं, बायको जुबेदा उशा शिवते. आणि आमच्या भिंतीला भिंत लावून हा मिस्त्री लोखंड कापतो. कापसाशेजारी ठिणग्या! तुम्ही म्हणाल, तक्रार रशीदभाईने केली असेल. तसं झालं असतं तर माझी काहीच हरकत नव्हती. तक्रार त्याने केली! मी एवढा नवीन गाळा घेतला, पेढे वाटले, आणि दुसऱ्या दिवशी हा माणूस हात जोडून नाही, बोट रोखून माझ्यासमोर उभा. "तुमचा कापूस उडून माझ्याकडं येतो. ठिणगीनं पेटला तर जबाबदार कोन? तुमचं दार तिकडून काढा."

मी दार काढलं. नवीन गाळ्याचं दार, पुढच्या महिन्यात दुसऱ्या बाजूला. गवंडी हसला, मी नाही हसलो. एवढ्यावर हा थांबला असता तरी चाललं असतं. पण त्याने दोन्ही दुकानांपुढच्या मोकळ्या जागेत मधोमध गोणपाटांचा पडदा टांगला आणि तो रोज सकाळी ओला करायचं काम माझ्याकडे दिलं. का, तर "कापूस तुमचा हाय." पाण्याची बादली त्याच्या दारात एक, माझ्या दारात एक, शिवाय वाळूची घमेली. माझ्या गिऱ्हाइकांना वाटायचं, इथे बांधकाम चाललंय.

आणि गॉगल! मिस्त्रीच्या दारात खिळ्यांना ओळीने गॉगल लटकलेले असायचे. मशीन चालू असताना आत पाऊल टाकायचं तर आधी गॉगल लावायचा. मग तुम्ही खिडकीची जाळी सांगायला आलेले असा, नाहीतर वर्गणी मागायला. एकदा एक मेजरसाहेबांची बायको माझ्याकडे रजई बघायला आली आणि चुकून त्याच्या दारात शिरली. त्याने थेट तिच्या हातात हिरव्या काचांचा गॉगल ठेवला. बाई बिचारी गॉगल लावून माझ्या दुकानात आली आणि रजईचा रंग कोणता म्हणून विचारायला लागली. मी सांगितलं गुलाबी. तिला हिरवी दिसत होती. गिऱ्हाईक गेलं.

त्याचे नियम मला पाठ झाले होते; भिंतीपलीकडून रोज ऐकू येत. चक्तीच्या रेषेत उभं राहायचं नाही, बाजूला राहायचं, कारण चक्ती फुटली तर ती सरळ रेषेत येते. कापायचा नग शिकंज्यात आवळायचा, पायाखाली दाबून कापायचा नाही. बाह्या सैल नकोत. गळ्यात मफलर नको, लोंबता ताईत नको. हातातून पडलेली चक्ती पुन्हा लावायची नाही. या शेवटच्या नियमापायी त्याने एकदा कहर केला. नवा कोरा पुडा त्याच्या हातून फरशीवर पडला. दुसऱ्या कुणी उचलून ठेवला असता. याने हातोडा घेतला आणि पुड्यातली एकेक चक्ती फोडली. मी म्हणालो, "अहो, एकही तडकलेली दिसत नाही." तर म्हणतो, "दिसत न्हाई म्हनून तर फोडतोय."

गुंतागुंतीचा माणूस नव्हे हा. सरळ सरळ वेडा.

खंडेनवमीला आमच्या बाजारात सगळे आपापल्या हत्यारांची पूजा करतात. मीसुद्धा पिंजण्याच्या मशीनला हार घालतो, वडील कमानीला घालायचे म्हणून. पूर्वी मिस्त्रीही ग्राइंडरला झेंडूचा हार घालायचा. मग एका वर्षी पलीकडच्या गल्लीतल्या एका वेल्डरने दसऱ्याच्या दुसऱ्या दिवशी हार न काढताच ग्राइंडर चालू केला. दोरा चक्तीत गुंडाळला, मशीन हातातून उसळलं आणि भिंतीवर आपटलं. त्याला काही झालं नाही, फक्त दुकानभर झेंडूच्या पाकळ्या. लोक म्हणाले, देवीने वाचवलं. मिस्त्री भडकला. "देवीनं वाचवलं न्हाई, देवीनं बजावलं!" पुढच्या खंडेनवमीपासून मशीन कोरडं ठेवून तो पाटावर गॉगल मांडायला लागला. गॉगलला हळद, गॉगलला कुंकू, गॉगलला हार. शेजारी ग्राइंडरचं गार्ड, म्हणजे चक्तीवर बसणारं पत्र्याचं अर्धगोल झाकण, त्यालाही अक्षता. प्रसाद घ्यायला गेलेली माणसं आधी हसायची आणि मग, मिस्त्री बघतोय म्हटल्यावर, गॉगलला मुकाट नमस्कार करायची. मीही केला आहे. शेजारधर्म!

या माणसाला एक मुलगी होती. मंदा. बायको मंदाच्या लहानपणीच गेली, मग मिस्त्रीने पोरीला दुकानातच वाढवलं. शाळा सुटली की ती गॉगल लावून शिकंज्याचा दांडा फिरवायला बसायची. बाप बोलेल ते ती बोलायची. एकदा जुबेदा घाईघाईने चुलीवरचं पातेलं उतरवायला गेली तर मंदा कंबरेवर हात ठेवून म्हणाली, "दम धरा चाची." आम्हाला मूलबाळ नाही. तिचं आमच्याकडे निम्मं जेवण व्हायचं.

मंदाचं लग्न ठरलं शिर्डीच्या मुलाशी. अशोक त्याचं नाव, तोही फॅब्रिकेशनचाच. शिर्डीत तेव्हा जिकडे तिकडे लॉज उभे राहत होते. जिने, गॅलऱ्या, कठडे, सगळं लोखंडाचं. पोरगा हुशार, हात चालाख, कामाला तोटा नाही. मिस्त्री खूश. लग्नात लोकांनी जावयाला घड्याळं दिली, कापडं दिली. याने मांडवात सगळ्यांदेखत नवा ग्राइंडर दिला, गार्डसकट, आणि वर चामड्याचा एप्रन आणि गॉगल. आणि एवढ्यावर भागलं नाही. बोहल्यावर चढायच्या आधी जावयाला गॉगल लावून बघायला लावला, नीट बसतो की नाही म्हणून. मुंडावळ्या आणि गॉगल! वऱ्हाडी खो खो हसले. अशोकही हसला, पण मला त्या हसण्यात काही बरं दिसलं नाही.

पहिली दिवाळी आली. दिवाळसण. तुम्हाला सांगायला नको, दिवाळसणाला जावई म्हणजे काय असतो. त्याने चहात मीठ घालून मागितलं तरी घालून द्यायचं. सकाळी उटणं, अंघोळ झाली, फराळाची ताटं मांडली, मीही फराळाला होतो. अशोक म्हणाला, "मामा, तुम्ही दिलेल्या ग्राइंडरचं बटण अडकतंय, बरोबर आणलाय, जरा बघता का?" मिस्त्री आनंदाने उठला. पिशवीतून मशीन काढलं. आणि त्याचा चेहरा उतरला.

मशीनला गार्ड नव्हतं. लहान मशीनला मोठी चक्ती लावली होती. मोठी चक्ती जास्त दिवस पुरते, खोलवर कापते, पण गार्ड काढल्याशिवाय ती बसतच नाही. शिवाय लहान मशीन फिरतं जोरात. मोठी चक्ती तेवढ्या वेगासाठी बनवलेलीच नसते. हे सगळं मला कसं माहीत? भिंतीपलीकडून मी वर्षानुवर्षं ऐकलं आहे, आपणहून कोण शिकायला जातंय.

"गार्ड कुटं हाय?" मिस्त्रीने विचारलं.

"काढलं," अशोक चकली मोडत म्हणाला. "गार्ड लावून काम उरकत नाही मामा. लॉजवाल्यांना उद्याचं आज पाहिजे असतं. शिर्डीत कुणीच लावत नाही."

"शिर्डीत कुनी लावत न्हाई म्हनून तू न्हाई लावायचं? मग मी कशाला दिलं हुतं? शोभंला?"

"हळू बोला," मी म्हणालो. "दिवाळसण आहे."

कोण ऐकतो! मिस्त्रीने फराळाच्या ताटांमधोमध ते मशीन आपटलं. जावयाला अरेतुरे केलं, मूर्ख म्हणाला, त्याच्या बापाच्या अकलेपर्यंत पोचला. शेजारीपाजारी दारात जमले. अशोकचा चेहरा लाल झाला. तो उठून उभा राहिला. मिस्त्री गरजला, "ह्या मशीनला गार्ड बसल्याबिगर मी तुझ्या दारचं पानी पिनार न्हाई!"

"मग नका पिऊ," अशोक म्हणाला.

त्याने मशीन पिशवीत टाकलं, मंदाला म्हणाला, चल. मंदा बापाकडे बघत राहिली. मिस्त्री भिंतीकडे तोंड करून उभा. ती गेली. करंज्या तशाच राहिल्या. मला इतका संताप आला, की मी तिथेच मिस्त्रीला सुनावलं. जावयाला दिवाळसणाला असं बोलतात? चार माणसांत? अहो, सांगायचं ते बाजूला घेऊन सांगा, चार दिवसांनी सांगा. "दुसऱ्याला सांगता चक्ती थांबू दे, आणि तुमच्या जिभेची चक्ती कधी थांबणार?"

तो खाली सांडलेल्या चकल्या गोळा करत बसला. हे तर त्याहून संतापजनक.

त्यानंतर मंदा आली नाही. संक्रांतीला नाही, नागपंचमीला नाही. तो गेला नाही. फक्त एकदा त्याने माझ्याकडे कागदात गुंडाळलेलं काहीतरी दिलं. शिर्डीच्या एका लॉजच्या गाद्यांचं काम मला मिळालं होतं, टेम्पो घेऊन मी जात असे. "अशोकला द्या. माझं नाव सांगू नका." मी पोचवलं. जावयाने उघडलं. पत्र्याचं गार्ड, मोठ्या चक्तीच्या मापाचं, हाताने ठोकून बनवलेलं. आता ते कुणी बनवलंय हे सांगायला नाव कशाला पाहिजे? अशोकने मला चहा पाजला, गार्ड दुकानाच्या दर्शनी भिंतीवर खिळ्याला टांगलं आणि त्यात विजेची बिलं खोचली. मी मिस्त्रीला हे सांगितलं नाही. माझंच रक्त उकळत होतं, त्याला कशाला सांगू?

पुढच्या खेपेपासून मिस्त्री टेम्पोत येऊन बसायला लागला. "गाद्या धरायला येतो." गाद्या काय पळून जातात? मला वाटलं, चला, बाबांचं दर्शन तरी होईल याला. वाटेत राहुरी, कोल्हार, राहाता, तो नुसता समोरचा रस्ता बघत बसायचा. शिर्डीत उतरला की नाहीसा व्हायचा. गाद्या मी आणि ड्रायव्हर वाहायचो. हा परत निघायच्या वेळी हजर.

एकदा मी वैतागून त्याला शोधायला निघालो. मंदिराच्या बाजूला नव्हताच. हा माणूस सापडला एका चहाच्या टपरीवर. टपरी कुठे, तर अशोकच्या दुकानाच्या बरोबर समोर, रस्त्याच्या ह्या बाजूला. ताडपत्रीच्या आडोशाला बाकड्यावर बसून, थंड चहाचा ग्लास हातात धरून तो समोर बघत होता.

माझा भडका उडाला. "अहो, काय माणूस आहात की कोण? मी तिकडे गाद्यांखाली चेंगरतोय आणि तुम्ही इथे चहा पिताय! पोरगी समोर आहे. रस्ता ओलांडा, दोन शब्द बोला, मोकळे व्हा. नसेल ओलांडायचा तर भिंगारला बसा. हे असं चोरासारखं काय?"

"दम धरा," तो म्हणाला. "ठिनग्या बघा."

समोर अशोक वाकून पाइप कापत होता. मी बघितलं. ठिणग्याच ठिणग्या.

"गार्ड असलं की ठिनग्या एका बाजूला जात्यात. सरळ, खाली. ह्या बघा कशा उडत्यात. चक्तीसंगं फिरून वर येत्यात, छातीवर, तोंडावर. गार्ड न्हाई." त्याने ग्लास खाली ठेवला. "लांबूनच कळतं. म्हनून येतो. मंदीचं कुंकू त्या चक्तीवर फिरतंय, रशीदशेट. दुसरं काय बघू?"

भिंतीवरच्या गार्डमध्ये बिलं खोचलेली इथूनही दिसत होती. म्हणजे हे त्याला पहिल्यापासून माहीत होतं. मग मी घरी येऊन जुबेदाला सांगितलं, तर ती माझ्यावरच चिडली, की तुम्ही तरी त्या पोराला जाऊन का नाही बोललात. बोललो होतो. अशोक म्हणाला होता, "चाचा, मामांनी मला चार माणसांत मूर्ख म्हटलं. आता मी गार्ड लावलं तर मी मूर्ख ठरलो ना?" दोघेही एका माळेचे मणी. मधे पोरगी भरडली जात होती.

त्या वर्षी धोंड्याचा महिना आला. अधिक मास. घरोघर जावई बोलावलेले, धोंडे तळलेले, अनारशांची ताटं भरलेली. भिंगारमध्ये ज्याला त्याला जावई. मिस्त्रीच्या घरी कोण? एका सकाळी त्याच्या घरातून तुपाचा वास आला म्हणून जुबेदा डोकावली आणि मला हाक मारायला धावत आली. मिस्त्री चुलीपुढे बसला होता. अंगात चामड्याचा एप्रन, डोळ्यांवर गॉगल, आणि कढईत अनारसे. उकळतं तूप उडतं म्हणे! अनारसे सगळे हसले होते. म्हणजे तुपात पडताक्षणी विरघळून चुरा झाला होता. मिस्त्री कढईवर ओरडत होता. त्याला वाटत होतं दोष तुपाचा आहे.

जुबेदाने पलीकडच्या आजींना विचारून त्याला पीठ कसं मुरवायचं ते सांगितलं. पुढच्या घाण्यात निम्मे तरी गोल निघाले. त्याने ते डब्यात भरले, आणि माझ्या टेम्पोत डबा मांडीवर घेऊन बसला. शिर्डीला पोचलो. टपरीवर बसला. ठिणग्या बघितल्या. डबा परत आला. "तुमी खावा," म्हणाला. मी आणि जुबेदाने दुसऱ्याच्या जावयाचे अनारसे खाल्ले. कसे लागले विचारू नका. एका घासानंतर जुबेदा डोळे पुसायला लागली आणि मी डबा झाकून ठेवला.

महिना संपत आला तेव्हा पुन्हा गाद्यांची खेप निघाली. लॉजमालक घाईवर आलेला. खोल्या तयार, गाद्या नाहीत, येणारे लोक फरशीवर झोपतील म्हणून फोनवर आरडाओरडा. मिस्त्री पुन्हा डबा घेऊन हजर. मी ठरवलं होतं, या वेळी त्याला टपरीवर सोडायचाच नाही, आधी गाद्या उतरवून घ्यायच्या. पण रस्त्यात बस आडवी आली आणि टेम्पो टपरीपुढेच अडकला. मिस्त्री दार उघडून उतरला. मी खिडकीतून ओरडत होतो, "मिस्त्री, आज नाही हं, आज आधी गाद्या..."

तो उभाच राहिला. हातातला डबा छातीशी धरलेला.

मी समोर बघितलं. अशोक वाकून कापत होता. ठिणग्या एका बाजूला पडत होत्या. सरळ, खाली, नळाच्या धारेसारख्या. छातीवर एक नाही. आणि भिंतीवरच्या खिळ्याला गार्ड नव्हतं. विजेची बिलं नुसती खिळ्याला टोचलेली.

"मिस्त्री," मी म्हणालो, "जा की!"

"दम धरा."

"आता कसला दम?"

अशोकने बटण बंद केलं होतं. चक्ती फिरत होती. मागून गाड्या हॉर्न देत होत्या, लॉजमालक पुढच्या चौकात माझ्या नावाने शंख करत असणार, आणि हा माणूस रस्त्याच्या कडेला चक्ती थांबायची वाट बघत उभा! मी कपाळाला हात लावला. समोर, दुकानाच्या आतून मंदाचा आवाज आला, "थांबली का चक्ती? मगच ठेवा खाली!" मिस्त्रीने डब्याचं झाकण घट्ट दाबलं.

चक्ती थांबली. मग त्याने रस्ता ओलांडला. ड्रायव्हरला गाडी बाजूला घ्यायला सांगून मी मागोमाग गेलो. कशाला खोटं बोलू, मला भांडण ऐकायचं होतं. मिस्त्रीचं खरं ठरलं होतं. आता तो जावयाचं काय करतो, ते बघायचं होतं.

मंदा बाहेर आली आणि बापाला बघून दाराला टेकली. तिनेच सांगितलं. अधिक महिना लागण्याच्या सुमारास मोठी चक्ती कापताना फुटली होती. अशोक वाकडा उभा होता म्हणून वाचला. तुकडा त्याच्या कानाजवळून गेला आणि दाराच्या फळीत रुतला. अजून तिथेच होता. तिने बोट दाखवलं. फळीत काळा, धारदार तुकडा, माणसाच्या गळ्याच्या उंचीवर. "हे आतापर्यंत गार्डला हातच लावत नव्हते. माझ्या हट्टापायी मशीनचा वेग पेलणारी नवी चक्ती आणली, पण खिळ्यावरचं गार्ड बसवायला सवड नाही, म्हणायचे. काल रात्री त्या तुकड्याकडे बघत बसले, जेवले नाहीत. आज सकाळी उठून आपणहून बसवलं."

अशोक मान खाली घालून उभा होता. शिव्या खायला तयार. मीही तयार होतो. म्हटलं, आता सुरू होईल. मी सांगितलं हुतं का न्हाई, तुझ्या बापाची अक्कल, सगळं पहिल्यापासून.

मिस्त्रीने फळीतला तुकडा बघितला. त्यावर बोट ठेवलं. मग तो अशोककडे वळला, आणि त्याने जावयाचे दोन्ही हात आपल्या हातात घेतले. उलटे केले, सुलटे केले. एकेक बोट दाबून बघितलं. मग हनुवटीला धरून त्याचं तोंड उजेडाकडे वळवलं, एक डोळा बघितला, दुसरा बघितला. बाजारात आंबे निवडताना बायका बघतात तसं. आयुष्यभर मला ऐकवत आलेला माणूस त्या दिवशी गप्प!

"मामा," अशोक म्हणाला, "बसा ना."

मिस्त्री बसला. मंदाने तांब्याभर पाणी आणलं. त्याने तांब्या तोंडाला लावला आणि शेवटच्या थेंबापर्यंत प्यायला. मग डबा उघडून जावयापुढे धरला. वाटेतल्या खड्ड्यांनी अनारशांचा चुरा झाला होता. अशोकने मूठभर चुरा तोंडात टाकला आणि चावत राहिला, मान वर न करता.

मला तिथे बसवेना. मी बाहेर आलो. लॉजमालकाने मला भर चौकात जे सुनावलं, ते इथे लिहिण्यासारखं नाही. गाद्या मी आणि ड्रायव्हरने उतरवल्या. गाद्या धरायला आलेला माणूस संध्याकाळी उगवला, हातात रिकामा डबा.

परतीच्या वाटेवर मी ठरवून त्याच्याशी बोललो नाही. राहाता गेलं, कोल्हारचा पूल गेला. राहुरीच्या अलीकडे तो आपणहूनच म्हणाला, "मंदीच्या घरचं पानी लई ग्वाड हाय, रशीदशेट."

तिथून बाहेर पडताना, मंदाने पुन्हा भरून आणलेल्या त्याच तांब्यातून मीही पाणी प्यायलो होतो. त्यांच्या बोअरचं पाणी मचूळ आहे, घोटभर प्यायलं तरी जिभेवर मीठ राहतं. पण मी त्याला म्हणालो, "हो. गोड आहे."